महार पेन्शनरांचे अर्ज आणि बेळगावची पलटण (१८९२–१९४६)

बेळगावात 'पलटण' म्हटलं की एकच नाव डोळ्यांसमोर येतं. मराठा लाइट इन्फंट्रीचं प्रशिक्षण केंद्र १९२२ पासून आपल्या गावात आहे. कॅम्पात ज्यांचं बालपण गेलं त्यांना बिगुलाच्या वेळा घड्याळापेक्षा जास्त पाठ असतात. पण याच बेळगावात १ ऑक्टोबर १९४१ रोजी आणखी एका रेजिमेंटची पहिली बटालियन उभी राहिली, हे मी ज्यांना ज्यांना सांगितलं त्यातल्या दहापैकी नऊ जणांना नवीन होतं. ती महार रेजिमेंट. तिचं केंद्र आज मध्य प्रदेशात सागरला आहे, त्यामुळे बेळगावशी तिचं नातं विसरलं गेलं असेल. पण तिच्यामागे पन्नास वर्षांच्या अर्जांचा इतिहास आहे, आणि त्या इतिहासाची सुरुवात निवृत्त सैनिकांनी केली. म्हणून हे टिपण.

माजी सैनिकांचे प्रश्न म्हटलं की आज आपल्याला पेन्शन आठवते, कॅन्टीनचं कार्ड आठवतं, दवाखाना आठवतो, 'वन रँक वन पेन्शन'ची आंदोलनं आठवतात. ते सगळे प्रश्न खरे आहेत. पण एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी दापोलीला राहणाऱ्या महार पेन्शनरांना पेन्शन मिळत होती. त्यांची तक्रार वेगळीच होती. आम्ही नोकरी केली, आमच्या बापजाद्यांनी केली, मग आमच्या पोरांना भरतीच्या दारातून परत का पाठवता? माजी सैनिकांनी स्वतःसाठी काही न मागता पुढच्या पिढीला फौजेत घ्या एवढंच मागावं, असं उदाहरण मला तरी दुसरं चटकन सापडत नाही.

हे समजायला फौजेने त्यांना काय दिलं होतं ते आधी पाहावं लागेल.

कंपनी सरकारच्या मुंबई फौजेची एक खासियत होती. बंगाल फौजेत जातीपातीचं सोवळं फार सांभाळलं जाई. मुंबई फौजेत एकाच कंपनीत मराठा, महार, मुसलमान, परदेशी, बेने इस्रायल असे सगळे शेजारी शेजारी उभे राहत. मुंबईच्या साहेबांना याचा अभिमानही होता. कोरेगावचा स्तंभ आपण सगळ्यांनी पाहिला आहे किंवा त्याचे फोटो तरी पाहिले आहेत. १ जानेवारी १८१८ च्या लढाईतल्या मृतांच्या यादीत वीसहून अधिक नावं 'नाक' या शेवटाची आहेत. 'नाक' हा त्या काळच्या महार नावांचा ओळखीचा प्रत्यय. जुन्या पलटणींच्या याद्या वाचताना माझ्यासारख्याला तो फार उपयोगी पडतो, कारण कारकुनाने जात लिहिली नसली तरी नाव बोलतं.

पगार आणि पेन्शन ही उघड दिसणारी मिळकत. तिच्याइतकीच मोठी दुसरी मिळकत म्हणजे शाळा. पलटणीत शिपायांसाठी आणि त्यांच्या मुलांसाठी शाळा असत. गावात ज्या मुलाला शाळेच्या पायरीपाशी उभं केलं नसतं, तो छावणीत पाटीवर अक्षरं गिरवत होता. याचं सगळ्यांना माहीत असलेलं उदाहरण म्हणजे रामजी सकपाळ. मूळ गाव मंडणगड तालुक्यातलं आंबडवे. फौजेत शिरल्यावर त्यांनी पुण्याच्या लष्करी नॉर्मल स्कूलमधून शिक्षकाची परीक्षा दिली आणि पुढे लष्करी शाळेचे चौदा वर्षं मुख्याध्यापक होते. सुभेदारपदापर्यंत पोचले. त्यांची छावणी महूला असताना १४ एप्रिल १८९१ ला भीमराव जन्मले. इंदूरजवळच्या त्या छावणीत मराठी बोलणारी बरीच लष्करी कुटुंबं होती. आपण 'महाराष्ट्राबाहेरची मराठी वस्ती' म्हणतो तेव्हा सरदार, दिवाण, वकील डोळ्यांसमोर येतात. छावणीतल्या लाइनी आपण मोजत नाही. मोजायला हव्यात.

निवृत्तीनंतर ही मंडळी बऱ्याचदा मूळ गावी परत जात नसत. कारण उघड आहे. गावात गेलं की सुभेदार असो की हवालदार, तो पुन्हा वतनदार महार. पाटलाचा निरोप, सरकारी टपाल, मेलेलं जनावर, वेठबिगार, आणि त्या बदल्यात तुकडाभर वतनी जमीन नि बलुतं. ज्याने वीस वर्षं हुकूम दिले त्याला हे कसं रुचणार? त्यामुळे पेन्शनर लोक छावणीच्या गावांत एकत्र राहत. दापोली असंच गाव. आजही कोकणात जुनी माणसं 'कॅम्प दापोली' म्हणतात. रामजी सकपाळ १८९४ च्या सुमारास निवृत्त होऊन आधी दापोलीला आले, मग साताऱ्याला गेले. गोपाळबाबा वलंगकर हे महाडजवळच्या रावढुळचे. तेही फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त होऊन दापोलीलाच राहत होते.

इथपर्यंत एक पायरी चढून झाली होती. मग १८९२ उजाडलं.

त्या वर्षाच्या आसपास हुकूम निघाला की यापुढे महारांची फौजेत भरती नाही. कारण म्हणून 'लढवय्या जातीं'चा सिद्धान्त सांगितला जातो, आणि ते बरोबर आहे. १८८५ ते १८९३ या काळात लॉर्ड रॉबर्ट्स हिंदुस्थानचे सरसेनापती होते. उत्तरेचा, डोंगराळ मुलखाचा, गोऱ्या रंगाचा शिपाईच खरा लढवय्या, असं त्यांचं ठाम मत. पण नुसत्या मताने भरती बंद होत नाही, त्याला यंत्रणा लागते. मी पेशाने इंजिनिअर, त्यामुळे मला ही यंत्रणा जास्त महत्त्वाची वाटते. मुंबई फौजेतली सरमिसळ मोडून एकेका जातीची एकेक कंपनी करायची असं ठरलं. जोवर कंपनी मिसळलेली होती तोवर दहा महार, वीस मराठे, पाच मुसलमान असं कसंही भागत होतं. 'एक जात, एक कंपनी' हा साचा आल्यावर कुठल्या जातीला कंपनी द्यायची आणि कुठल्या जातीला नाही, हा प्रश्न कागदावर आला. आणि कागदावर आल्यावर, अस्पृश्य मानलेल्या सुभेदाराला सवर्ण शिपायाने सलाम का ठोकावा, हा आतापर्यंत दाबलेला प्रश्नही वर आला. साच्यात महारांसाठी खण ठेवलाच नाही. नोकरीत होते ते आपली वर्षं पुरी करून घरी आले, मागून कुणी गेलं नाही. डॉ. आंबेडकरांनीही पुढे हा बदल असाच समजावला आहे. मिसळलेल्या पलटणी जाऊन जातवार पलटणी आल्या आणि त्यात महार बाहेर पडले.

म्हणजे बघा, ज्या सरकारी व्यवस्थेने शंभर वर्षं गावचा जातीचा नियम छावणीच्या फाटकाबाहेर ठेवला होता, तिनेच तो आत घेतला.

इंजिनिअरच्या सवयीने आता पुढच्या तारखा एका ओळीत ठेवतो. १८९४ वलंगकरांचा अर्ज. १९०३ सासवडची सभा. १९१० विलायतेला अर्ज. १९१७ भरती सुरू. १९२१ पलटण मोडली. १९४१ भरती पुन्हा सुरू. दार दोनदा उघडलं, आणि दोन्ही वेळेला युद्ध चालू होतं. अर्जांनी दार ठोठावलं, उघडलं मात्र माणसं कमी पडल्यावर.

पण अर्ज वाया गेले असं मला म्हणायचं नाही. त्यांच्याकडे जरा थांबून पाहू.

वलंगकरांनी 'अनार्य दोषपरिहारक मंडळी' नावाची संस्था दापोलीत उभी केली होती. जोतीराव फुल्यांच्या विचारांचा त्यांच्यावर मोठा परिणाम. १८८८ साली त्यांनी 'विटाळ विध्वंसन' हे पुस्तक लिहून अस्पृश्यतेवर सरळ प्रश्न विचारले. १८९४ चा भरतीचा अर्ज याच मंडळीच्या नावाने मुंबई फौजेच्या सेनापतीकडे गेला. त्यातली मांडणी वाचून आज काहीजण बुचकळ्यात पडतात. अर्जात म्हटलं आहे की आम्ही मूळचे क्षत्रिय, दुर्गादेवीच्या दुष्काळात पोटासाठी वाटेल ते खावं लागल्यामुळे आम्हाला खाली ढकललं गेलं. 'विटाळ विध्वंसन' लिहिणारा माणूस क्षत्रियपणाचा दाखला का देतो? मला त्यात विसंगती वाटत नाही. समोरचा साहेब 'लढवय्या जात कोणती' एवढंच विचारत होता, त्याला कळेल त्या भाषेत उत्तर दिलं. टेंडर भरताना आपण खात्याच्या नमुन्यातच भरतो, नमुना पटो न पटो. शिवाय अर्जात जुन्या नोकरीचा हिशेबही होता, आणि तो कुणी खोडून काढू शकत नव्हतं.

या अर्जाच्या नशिबात एक विचित्र योग होता. १ एप्रिल १८९५ पासून मुंबई, मद्रास आणि बंगाल या तिन्ही इलाख्यांच्या वेगळ्या फौजा रद्द होऊन एकच हिंदुस्थानी फौज झाली. ज्या सेनापतीच्या नावे अर्ज लिहिला ते पदच वर्षाच्या आत गेलं. सरकारी कचेरीत ज्यांनी टेबलं झिजवली आहेत त्यांना यातली गंमत वेगळी सांगायला नको.

वलंगकरांना १८९५ साली महाड तालुका लोकल बोर्डावर नेमलं तेव्हा इतर सभासदांनी त्यांच्यासोबत बसायला नकार देऊन काय गोंधळ घातला, तो वेगळ्या लेखाचा विषय आहे. १९०० साली ते वारले.

दुसरा अर्ज आपल्याला एका भाषणामुळे माहीत आहे. १८ जानेवारी १९४३ रोजी पुण्यात न्यायमूर्ती रानड्यांच्या जयंतीनिमित्त डॉ. आंबेडकर बोलले. त्यात त्यांनी सांगितलं की वडिलांच्या जुन्या कागदांचं एक गाठोडं चाळताना त्यांना एका अर्जाची प्रत मिळाली. १८९२ च्या भरतीबंदीविरुद्ध महार अधिकाऱ्यांनी हिंदुस्थान सरकारकडे केलेला तो अर्ज होता. चौकशी केल्यावर कळलं की त्याचा मसुदा रानड्यांनी करून दिला होता. सुभेदार रामजी घरं बदलत गेले. दापोली, सातारा, शेवटी मुंबईतल्या चाळीतली खोली. बायको गेली, बरीच मुलं गेली. त्या सगळ्या हलवाहलवीत अर्जाची ती प्रत त्यांनी जपली. पेन्शनर माणूस कागद टाकत नाही, हे आपल्या आजोबा-पणजोबांवरून सगळ्यांना माहीत आहे. पण इथे तो कागद त्यांच्या स्वतःच्या पेन्शनीचा नव्हता.

तिसरे अर्जदार शिवराम जानबा कांबळे. हे स्वतः सैनिक नव्हते, पुण्यात साहेब लोकांकडे नोकरीला होते. पण फौजेचा प्रश्न त्यांनी पेन्शनरांच्या हातून उचलून गावोगावी नेला. १९०३ साली त्यांनी सासवडला ५१ गावांतल्या महारांची सभा भरवली आणि दीड हजारांहून जास्त सह्यांचा अर्ज सरकारला पाठवला. अक्षरओळख नसलेल्या समाजातून इतक्या सह्या नि अंगठे गोळा करायला किती पायपीट झाली असेल, याचा हिशेब ज्याने कधी सोसायटीच्या अर्जावर पन्नास सह्या घेतल्या असतील त्यानेच करावा. १९१० ला त्यांनी थेट भारतमंत्र्याकडे अर्ज केला. मागणी अगदी बेताची. मोठे राजकीय हक्क नकोत, सरकारी नोकरीतल्या तळाच्या जागा, पोलिसातली शिपाईगिरी आणि फौजेत भरती एवढं द्या. आज वाचताना हा नम्रपणा टोचतो. पण सोळा वर्षांत भाषा किती बदलली तेही पाहण्यासारखं आहे. वलंगकरांच्या अर्जात क्षत्रियपणाचा दाखला होता. कांबळ्यांनी मागितलं ते माणूस म्हणून, प्रजा म्हणून.

उत्तर आलं ते १९१७ ला, आणि ते अर्जाला नव्हतं. मेसोपोटेमियात आणि फ्रान्समध्ये माणसं संपत चालली होती. कूतच्या वेढ्यात १०३, ११० आणि ११७ या तीन मराठा पलटणी एप्रिल १९१६ मध्ये कैद झाल्या होत्या. 'लढवय्या' ठरवलेल्या जिल्ह्यांतून भरती ओढून ओढून थकल्यावर सरकारने १९१७ साली '१११ महार' ही पलटण उभी केली. युद्ध संपलं, काटकसर आली, आणि १९२१ साली ती मोडली.

चार वर्षं. शिपायाला निवृत्तिवेतन मिळायला लागणाऱ्या सेवेच्या हे जवळपासही नाही. म्हणजे या पलटणीत शिरलेला तरुण युद्ध संपल्यावर पदक आणि डिस्चार्जचा कागद घेऊन घरी आला. पेन्शन नाही. १८९२ च्या आधीचा महार पेन्शनर दापोलीला घर करून राहू शकत होता, कारण दरमहा रोख पैसा हातात होता. १९२१ च्या या सैनिकाला त्याच गावी, त्याच वतनावर परत जाणं भाग होतं. माझ्या मते १८९४ च्या आणि १९२१ च्या माजी सैनिकांमधला सगळ्यात मोठा फरक हाच आहे, आणि तो लढाईच्या इतिहासांत सापडत नाही, कारण त्यांत पलटण मोडली की प्रकरण संपतं.

याच सुमारास, १९१९ साली, सरकारने 'इंडियन सोल्जर्स बोर्ड' स्थापन केलं. परत आलेल्या सैनिकांचं आणि मेलेल्यांच्या घरच्यांचं पाहायला जिल्ह्याजिल्ह्यांत त्याच्या शाखा झाल्या. आजचं केंद्रीय सैनिक बोर्ड (हे नाव १९७५ पासून) आणि आपल्याकडची जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयं ही त्याच झाडाच्या फांद्या. व्यवस्था चांगली होती, पण ती पेन्शनीच्या, जमिनीच्या आणि जंगी इनामाच्या भोवती फिरणारी. ज्याच्याकडे यातलं काहीच नव्हतं त्याचं तिथे काय काम निघणार?

मधली वीस वर्षं भरपाईची नाहीत, पण मोकळीही नाहीत. १९२५ च्या एप्रिलमध्ये आपल्या निपाणीत बहिष्कृत हितकारिणी सभेची प्रांतिक परिषद झाली, डॉ. आंबेडकर अध्यक्ष होते. १ जानेवारी १९२७ ला त्यांनी कोरेगावच्या स्तंभापाशी सभा घेतली. १९२८ ला त्यांनी मुंबई कायदेमंडळात वतन सुधारणेचं बिल मांडलं. वतन आणि फौज हे दोन वेगळे विषय वाटतात, पण ते एकाच दोरीची दोन टोकं आहेत. फौज म्हणजे वतनातून बाहेर पडायची वाट. वाट बंद झाली की वतन घट्ट होतं.

मग दुसरं महायुद्ध. जुलै १९४१ मध्ये डॉ. आंबेडकरांना व्हाइसरॉयच्या संरक्षण सल्लागार समितीवर घेतलं. त्यांनी तिथे महारांच्या वेगळ्या पलटणीसाठी जोर लावला आणि बाहेर तरुणांना भरती व्हायला सांगितलं. तीन महिन्यांत बेळगावात पहिली बटालियन उभी राहिली. दुसरी कामठीला. ऑगस्ट १९४२ मध्ये '२५ महार' ही आणखी एक बटालियन, तीही बेळगावलाच. तिसरी नौशेरात. टोपीवरच्या बिल्ल्यावर कोरेगावचा स्तंभ आला.

बेळगावच का? इथे लाइनी होत्या, परेडची मैदानं होती, शिकवणारे उस्ताद होते, रेल्वे होती, आणि कोकण, देश नि कर्नाटक तिन्हीकडून माणूस इथे सहज पोचत होता. मराठा लाइट इन्फंट्रीच्या केंद्रामुळे नवी पलटण घडवायची सगळी सोय तयार होती. १८९२ च्या साच्याने ज्या दोन समाजांना वेगळं करून एकाला आत आणि एकाला बाहेर ठेवलं होतं, ते पन्नास वर्षांनी एकाच गावच्या कॅम्पात कवायत करत होते. वेगवेगळ्या पलटणींत, हेही लक्षात ठेवू. 'एक जात, एक कंपनी'चा साचा मोडला नव्हता, त्यात एक खण वाढवला होता.

युद्धात पहिली आणि तिसरी बटालियन वायव्य सरहद्द प्रांतात होती, दुसरी आणि पंचविसावी बहुतांशी देशात बंदोबस्तावर. दुसरी ब्रह्मदेशातही जाऊन आली. १९४६ साली २५ महार मोडली, तिची माणसं उरलेल्या तिघींत वाटली. रेजिमेंट मात्र या वेळी टिकली. १९४७ च्या फाळणीत तिन्ही बटालियन पंजाबात निर्वासितांच्या काफिल्यांना संरक्षण देत होत्या.

रेजिमेंट टिकली, पण भरती झालेला प्रत्येक जण टिकला नाही. युद्धाच्या शेवटी हिंदुस्थानी फौज पंचवीस लाखांवर गेली होती. ती उतरवायची होती. सगळ्याच पलटणींतून, महार, मराठा, कुठलीही घ्या, युद्धापुरते घेतलेले लोक ग्रॅच्युइटीची रक्कम देऊन घरी पाठवले गेले. चार-पाच वर्षांची सेवा, पेन्शन नाही. १९२१ चीच गोष्ट, फक्त पन्नासपटीने मोठी म्हणा. फरक एवढा की या वेळी सरकारने आधी थोडा विचार केला होता. जुलै १९४५ मध्ये पुनर्वसन आणि रोजगार महासंचालनालय निघालं आणि सुटलेल्या सैनिकांसाठी रोजगार विनिमय केंद्रं उघडली. आपण नंतर कॉलेजमधून बाहेर पडल्यावर ज्या 'एम्प्लॉयमेंट एक्स्चेंज'मध्ये नाव घालायला रांगेत उभे राहिलो, ते मुळात या सैनिकांसाठी सुरू झालं. ते ज्या मजूर खात्याखाली होतं त्याचे मंत्री तेव्हा डॉ. आंबेडकर होते. १९४१ ला भरती व्हा म्हणून सांगणारा आणि १९४५ ला सुटलेल्यांच्या नोकऱ्यांची व्यवस्था पाहणारा माणूस एकच. हा योगायोग आहे, पण लक्षात ठेवण्यासारखा.

खानापूर तालुक्यातल्या एका घरात मी असे कागद पाहिले आहेत. कुटुंबाच्या इच्छेप्रमाणे गाव आणि नाव देत नाही. पत्र्याच्या ट्रंकेत प्लास्टिकच्या पिशवीत डिस्चार्जचं पुस्तक, दोन पदकं, फीत उडालेली. आजोबा १९४२ ला बेळगावात भरती झाले, १९४६ ला सुटले. पुढे आयुष्यभर गवंडीकाम केलं. नातू म्हणाला, "आजोबा घरात शिस्तीचे लई कडक. पण पेन्शनचा विषय काढला की गप्प बसायचे." त्यांच्या मुलांपैकी दोघं शिकून नोकरीला लागली, एक फौजेत गेला आणि पूर्ण पेन्शन घेऊन परत आला. आजोबांच्या वाट्याला न आलेली वर्षं मुलाच्या वाट्याला आली.

या पिढीला पुढे थोडी मदत मिळाली. दुसऱ्या महायुद्धात लढलेल्या आणि पेन्शन नसलेल्या सैनिकांना आणि त्यांच्या विधवांना राज्य सरकारांनी दरमहा मानधन सुरू केलं. महाराष्ट्राने केलं, कर्नाटकानेही केलं. पण इथे आपल्या भागाची खास अडचण येते. पेन्शन केंद्राची, ती देशभर सारखी. मानधन, जमीन, शिष्यवृत्ती हे राज्याचं, आणि ते रहिवासावर ठरतं. १ नोव्हेंबर १९५६ ला बेळगाव जिल्हा म्हैसूर राज्यात गेला, फक्त चंदगड तालुका वगळून. तो कोल्हापुरात आला. म्हणजे १९४२ ला एकाच जिल्ह्यातून, एकाच लाइनीत उभे राहून भरती झालेले दोन जवान, एक चंदगडचा, एक खानापूरचा, म्हातारपणी दोन वेगळ्या सरकारांच्या दारात गेले. नियम वेगळे, रकमा वेगळ्या, अर्जाची भाषा वेगळी. वतन सुद्धा दोघांचं वेगवेगळ्या कायद्यांनी गेलं. चंदगडच्या माणसाचं मुंबई राज्याच्या १९५८ च्या, तर खानापूरच्या माणसाचं म्हैसूरच्या १९६१ च्या कायद्याने. सीमाप्रश्नावर आपण इतकं लिहितो, बोलतो, भांडतो. या माणसांच्या फायलींकडे त्यात कुणाचं लक्ष गेल्याचं मला दिसलं नाही.

त्या ट्रंकेतल्या डिस्चार्जच्या पुस्तकात गावाचं नाव इंग्रजीत असं काही लिहिलं होतं की आजच्या कुठल्याच गावाशी ते जुळेना. मानधनाच्या अर्जाच्या वेळी त्यावरच दीड वर्ष गेलं, असं घरच्यांनी सांगितलं. तालुका, जिल्हा, राज्य, सगळ्यांचीच नावं किंवा हद्दी बदललेल्या. शेवटी शाळेचा दाखला, ग्रामपंचायतीचा दाखला आणि गावातल्या दुसऱ्या एका माजी सैनिकाचं प्रतिज्ञापत्र जोडल्यावर काम झालं. तोवर आजोबा गेले होते. मानधन आजीच्या नावाने सुरू झालं.

वाचकांपैकी कुणाच्या घरी असे कागद असतील तर दोन गोष्टी सांगतो. पहिल्या महायुद्धाचं रुपेरी पदक असेल तर त्याची कड भिंगाखाली पाहा. तिथे शिपायाचा नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण कोरलेली असते. '१११' आकडा दिसला तर तो फार दुर्मीळ ठेवा आहे, कारण चांदीची म्हणून ही पदकं अडचणीच्या काळात सोनारांकडे गेली. आणि डिस्चार्जचं पुस्तक लॅमिनेट करू नका, जुना कागद आत गुदमरून पिवळा पडतो. मंडळाकडे स्कॅनर आहे. महिन्याच्या दुसऱ्या रविवारी बैठकीला येताना कागद घेऊन या, तासाभरात प्रती काढून मूळ कागद लगेच परत देऊ.